तीन दिवसांच्या बोलीवर आणलेला नीलम

खानदेशात ऊन फार, असं कराडात आम्हाला जो तो सांगत होता. म्हणून मी सुती कपडे, दोन टोप्या आणि ऊन लागू नये म्हणून पिशवीत चार कांदे घेऊन निघाले होते. प्रत्यक्षात जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी जळगाव स्टेशनाबाहेर आम्ही दोघं दातावर दात आपटत उभे होतो. एका रिक्षावाल्याला दया आली. त्यानं आपला मफलर काढून आमच्या पोस्टमास्तरांच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, "काका, थंडीत खानदेशात येताना गोधडी आणावी. कांदा आमच्याकडे मिळतो."

पोस्टमास्तर म्हणजे माझे यजमान. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली, पण घरात हुद्दा अजून तोच आहे. मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पुराव्याशिवाय काही मानू नका, हे मी इतक्या पोरांना सांगितलंय की आता झोपेतसुद्धा तेच बोलत असेन. आणि अशी मी, नवऱ्याला दंडावर नीलम बांधायला पाचशेच्या वर किलोमीटर घेऊन आले होते!

त्याचं असं झालं. यांच्या पित्ताशयात खडे झाले. दोनदा कावीळ झाली, दोन्ही वेळा डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पुन्हा खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल. लवकर काढून टाकू." यांनी तिथं मान डोलावली आणि तडक ज्योतिषाकडे गेले. तो म्हणाला, शनी वाकडा आहे. आधी नीलम मानवतो का बघा. मानवला तर खुशाल ऑपरेशन करा, नाही मानवला तर सुरीच्या वाटेला जाऊ नका. पोटातला खडा काढण्याआधी दंडावर खडा बांधायचा! मी कपाळाला हात लावला. भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. हे ढिम्म हलले नाहीत. शेवटी धुळ्याहून अक्काचा, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. जळगावात तिच्या ओळखीचे एक जुने सराफ आहेत, ते नीलम तीन दिवस पारखायला देतात, असं ती म्हणाली. मी मनाशी ठरवलं की जायचं, आणि या तीन दिवसांत यांच्या बाबतीत वाईट म्हणून काही घडू द्यायचं नाही. घडलंच तर ते चांगलंच होतं, असं पटवायचं. ऑपरेशन व्हायला दुसरा मार्गच नव्हता.

सराफांना सगळे आबा म्हणत होते. पांढरी टोपी, कपाळावर टिळा, डोळ्याला लावायचं भिंग दोरीनं गळ्यात अडकवलेलं. अक्काच्या शब्दावर त्यांनी कपाटातून कागदाची पुडी काढली आणि तिच्यातला खडा तळहातावर घेऊन उजेडाला धरला. हरभऱ्याएवढा, गर्द निळा. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा पुढं वाकून पुन्हा पाहिला.

"नीलम राजा आहे," आबा म्हणाले. "कोणाकडे राहायचं ते तो ठरवतो. आज शनिवार. उजव्या दंडाला बांधा. आज, उद्या, परवा. अपघात, भांडण, वाईट बातमी, वाईट स्वप्न, काहीही झालं की आणून टाका. मी एक शब्द विचारणार नाही. काही नाही झालं तर मंगळवारी या, अंगठी करू."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, नीलम, माणिक आणि कुरुंद हे खनिज एकच. मूळ शुद्ध असेल तर रंगच नाही. क्रोमियमचा अंश शिरला की माणिक, लोखंड आणि टायटॅनियम शिरलं की नीलम. आणि मातीमोल राहिला की धार लावायच्या चाकाचा कुरुंद. त्याला शनी काय आणि मंगळ काय?"

"बाई, मले माहीत आहे," आबा शांतपणे म्हणाले. "पन एका आईची चार पोरं. एक कलेक्टर व्हतो, एक चाकाले लागतो. आई तीच ना?"

आबांनी निळ्या कापडाचा तुकडा घेतला, खडा आत ठेवून निळ्या दोऱ्यानं चारी बाजूंनी शिवला आणि यांच्या दंडाला बांधला. पोस्टमास्तरांनी तो रजिस्टर पाकिटासारखा दाबून पाहिला.

दुकानाच्या पायऱ्या उतरतो न उतरतो तोच यांच्या चपलेचा अंगठा तुटला.

हे जागच्या जागी थिजले. मी म्हटलं, "चला, पीडा गेली!" चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य निघालं. पण चप्पल गेली की पीडा जाते हे यांनाही मान्य होतं, त्यामुळे चेहरा खुलला. रस्त्याच्या कडेला नवी चप्पल घेतली आणि धुळ्याची एसटी पकडली.

रस्ता सरळ. दोन्हीकडे कापसाच्या वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मधूनच केळीच्या हिरव्यागार बागा, आणि हवेत चुलीच्या धुराचा वास. हे खिडकीला बसून उजवा हात पोटाशी धरून होते. एरंडोल गेलं, कंडक्टरनं कुणाशी तरी कोंबडीच्या तिकिटावरून हुज्जत घातली, आणि पारोळ्याच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि जीव सोडला.

"आते काय व्हई?" (आता काय होणार?) मागून कुणीतरी विचारलं.

"दुसरी गाडी ई. तवलोंग बसा गपचिप," कंडक्टर म्हणाला. (दुसरी गाडी येईल, तोवर बसा.)

हे माझ्याकडे बघत होते. "बघितलंस? तीन तास झाले नाहीत बांधून."

"अहो, गाडीत चाळीस माणसं आहेत. तुमच्या एकट्यासाठी शनी एवढ्या सगळ्यांना ताटकळत ठेवेल? त्याला दुसरी कामं नाहीत?"

समोरच्या शेतात भरीत पार्टी चालली होती. खानदेशात थंडीत ही पद्धतच आहे. शेतात काट्याकुट्या पेटवून हातभर लांबीची हिरवी वांगी भाजतात, लाकडी बडगीत (कुटायच्या भांड्यात) मिरची-लसणीबरोबर ठेचतात, वर शेंगदाणे आणि तेल. त्या घरच्यांनी बंद पडलेली बस पाहिली आणि हाका मारायला सुरुवात केली. नको म्हणायची सोय नव्हती. शाळेत शिक्षिका असलेली त्यांची सून, हातात पत्रावळीची चळत घेऊन थेट बसच्या दारात उभी राहिली. "जेवल्याशिवाय गाडी चालू होत नाही," असं तिनं ड्रायव्हरलासुद्धा सांगितलं.

यांना तेल वर्ज्य होतं. भरताचा एक घास, आणि रात्री कळ उठली की संपलं. नीलम नडला, ऑपरेशन रद्द. मी यांच्या पानावरून भरीत उचललं, पुन्हा कुणी वाढलं, पुन्हा उचललं. शेवटी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), कांदा आणि ताक एवढ्यावर यांना बसवलं, आणि यांच्या वाटचं भरीतही मीच खाल्लं. असं भरीत मी जन्मात खाल्लं नव्हतं. नाकातोंडातून पाणी येत होतं आणि मी मागून घेत होते. हे माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं मांजर दुधाच्या पातेल्याकडे बघतं. मग हे रुसून "जरा येतो" म्हणत विहिरीमागे गेले. चांगली दहा मिनिटं लागली. परत आले तेव्हा चेहरा एकदम मोकळा होता. मला वाटलं, ताकानं बरं वाटलं असेल.

संध्याकाळी धुळ्याला पोचलो. अक्का कराडची लेक, पण धुळ्यात पन्नास वर्षं काढून तिची जीभ पार अहिराणी झालीय. दारातच तिनं यांचा गालगुच्चा घेतला. "कसा शे रे भाऊ? बठ्ठं बरं व्हई जाई!" (सगळं बरं होऊन जाईल.) सत्तरीच्या पोस्टमास्तरांचे कान लाल झाले. त्या आनंदात शनिवार पार पडला.

रविवारी सकाळी हे आंघोळीला गेले. ओलं होऊ नये म्हणून नीलमाचं पुडकं खुंटीला टांगलं होतं. दोरा मळलाय का पाहावं म्हणून मी हातात घेतलं. पुडकं चपटं होतं. एका बाजूचे टाके उसवलेले, आत काही नाही.

मी मोरीचं तोंड तपासलं, गाद्या झटकल्या, यांचे स्वेटर उलटे करून हलवले. अक्का विचारत होती, "काय धुंडी ऱ्हायनी व?" (काय शोधते आहेस गं?) तिला कसं सांगू? तिच्याच शब्दावर आबांनी खडा दिलेला. आणि यांना सांगितलं तर? पारखायला आणलेला नीलम हरवणं, याहून वाईट शकुन कुठल्या पोथीत असणार! यांनी ऑपरेशनचं नाव काढू दिलं नसतं, आणि मी यांना तिसऱ्यांदा पिवळं होताना पाहत बसले असते. मोरीच्या उंबऱ्यावर बसून मी तोंडात पदर कोंबून रडले. मग पुडकं खुंटीला जसंच्या तसं टांगलं. हे आले, त्यांनी ते स्वतःच बांधलं, वर स्वेटर चढवला. यांना अजून कळलेलं नाही, असं मी धरून चालले.

नाश्ता होतोय तोच शेजारचे नाना आले. नाना नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ गिरणीत मिस्त्री. "पोस्टमास्तर, गिरण दाखवतो चला. आज रविवार, यंत्र बंद, कान फुटायचे नाहीत." मला कुठंच जायचं नव्हतं, पण नीलम गमावलेल्या माणसाला एकटं सोडायचा धीर होईना. नानांच्या जीपमधून आम्ही नरडाण्याला गेलो.

गिरणीत तुरीचा गोडसर वास कोंदला होता. मधोमध माणसाएवढा लांब रूळ जमिनीवर आडवा काढून ठेवलेला. नाना सांगायला लागले. तूर या रुळावरून फिरते, रुळाचा खरखरीत थर तिची साल खरवडतो. हंगामात थर झिजतो, मग सुटीच्या दिवशी जुना फोडून काढायचा आणि नवा लेप चढवायचा.

"कशाचा लेप?" मी विचारलं.

"कुरुंदाचा, बाई. याच्यापुढं तुरीचं काय चालतं? लोखंड बी खाई टाकस." (लोखंडसुद्धा खाऊन टाकतं.)

मी कान टवकारले. भिंतीशी जुन्या थराचे तुकडे पडले होते, काळपट तपकिरी. त्यातला एक हरभऱ्याएवढा मी चपलेखाली सरकवला, मग वाकून उचलला. नाना बघतच होते. "त्याचं काय करशात?"

"विळीला धार लावीन," मी म्हटलं.

जीपमध्ये परत येताना मी स्वतःची समजूत घालत होते की यात फसवणूक कुठाय. खनिज तेच. ऍल्युमिनियम तेच, ऑक्सिजन तोच. वर्गात एखाद्या पोरानं असा युक्तिवाद केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दुपारी हे उजवी कूस वर करून घोरत पडले. मी अक्काच्या गोधडीच्या डब्यातली सुई घेतली, दोरा पांढराच मिळाला. बाही वर केली, कुरुंदाचा तुकडा पुडक्यात सारला आणि पुडकं दंडावर असतानाच टाके घालायला बसले. एकदा सुई यांना टोचली. "डास," असं म्हणून हे पुन्हा घोरायला लागले. अक्का दारातून बघत होती की काय, मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी चहा घेताना यांचा हात दंडाकडे गेला आणि तिथंच थांबला. बशी कलली, चहा धोतरावर सांडला. मी म्हटलं, "चहा सांडला की पैसा येतो!" असं कुणी म्हणतं की नाही देव जाणे. यांचं लक्षच नव्हतं. हे उठले, चष्म्याचं घर घेऊन आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग देवापुढे इतका वेळ बसले की अक्कानं मला खूण करून विचारलं, "याले काय व्हयनं?" (याला काय झालं?) मला वाटलं, कळलं. आता उठतील आणि ओरडतील.

ओरडले नाहीत. सोमवारी सकाळी आंघोळ करून माझ्यासमोर येऊन बसले, आणि म्हणाले, "मानवला. कराडला गेलो की डॉक्टरांना तारीख विचार."

मी हो म्हणायला तोंड उघडेपर्यंत हे अक्काकडे वळून म्हणाले, "अक्का, आज शेवभाजी कर. तर्रीवाली."

माझा जीव टांगणीला लागला. लाल तेलाचा बोटभर थर, त्यात शेव. मी "अहो" म्हणेपर्यंत दोन वाट्या संपल्या. "आता मला काही होत नाही," हे म्हणाले. मी दुपारभर यांच्या पोटाकडे बघत बसले होते. मनात नसतानाही कुठल्या कुठल्या देवांना हात जोडले, शनीलासुद्धा. चार वाजले, सहा वाजले, आठ वाजले. साधी ढेकरही आंबट आली नाही.

मंगळवारी जळगाव. आबांच्या पायऱ्या चढताना मी ठरवलं होतं की यांना रसवंतीवर पाठवायचं आणि आबांचे पाय धरायचे. नीलम हरवला, काय ते सांगा, पण यांच्यासमोर बोलू नका. तेवढ्यात हेच पुढं झाले. चष्म्याचं घर उघडलं आणि आबांपुढं कागदाची पुडी ठेवली. आत तो निळा नीलम!

"आबा, हा तुमचा," हे म्हणाले, आणि दंडावरचं पुडकं सोडून शेजारी ठेवलं, "आणि हा माझा."

मग हे माझ्याकडे न बघता सांगायला लागले. "चाळीस वर्षं पोस्टात काढली, दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही. पण पारोळ्याला गाडी बंद पडली आणि मला भीती वाटली. विहिरीमागे जाऊन नेलकटरनं टाके उसवले आणि नीलम काढून घेतला. हिला कळू नये म्हणून रिकामं पुडकंच बांधून हिंडत होतो. आणि आबा, रविवारी संध्याकाळी हात लावतो तर त्यात खडा! चष्म्याच्या घरात बघितलं, तुमचाही जागेवर. तुम्हीच सांगितलं ना, कोणाकडे राहायचं ते राजा ठरवतो?"

आबांनी पुडकं उचललं. तीन बाजूंना निळा दोरा, चौथ्या बाजूला पांढरा. त्यांनी हळूच मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. मी ओठ घट्ट मिटून उभी होते आणि डोळ्यांनी आबांच्या पाया पडत होते.

आबांनी टाके कापले. गिरणीच्या रुळाचा तो मळकट तुकडा तळहातावर घेतला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ पाहिला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. आबांनी पोलादी पट्टीवर तुकडा घासला. पट्टीवर चर उठला.

"खोटा नाही," आबा म्हणाले. "कुरुंद आहे. नीलमाच्या पाठचाच. रंग दुसरा आहे."

"मग अंगठी कुठल्याची करायची?" यांनी विचारलं.

"एका माणसाले एकच. तुमाले हा आला, हाच ठेवा." आबांनी नीलमाची पुडी कपाटात टाकली, आणि रुळाच्या तुकड्याला चांदीचा पातळ वेढा घालून, वर कडी लावून दिला. मजुरी घ्या म्हटलं तर घेईनात. निघताना मला एकटीला म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी दोरा तरी निळा घ्या."

परतीच्या गाडीत हे निवांत झोपले आणि मी जागी. सत्य सांगायचं तर ऑपरेशन गेलं. नाही सांगायचं तर माझी चौतीस वर्षं गेली. चाळीसगाव मागे पडेपर्यंत मी दोन्ही बाजू तोलत होते. मनमाडला चहा घेतला आणि ठरवलं, गेली तर गेली चौतीस वर्षं.

पंधरा दिवसांनी कराडात ऑपरेशन झालं. आत नेताना नर्स म्हणाली, "अंगावर धातू काही ठेवायचं नाही." यांनी गळ्यातला तो चांदीचा वेढा काढला आणि माझ्या हातात दिला. "सांभाळ हं. आपणहून आलाय." दार बंद झालं. बाहेर मी बाकावर बसले. दीड तास म्हणाले होते, अडीच झाले. कुणी काही सांगेना. त्या वेळात मी काय काय म्हटलं ते इथं लिहिणार नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल.

हे शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टर हसत हसत बाटली घेऊन आले. आत सात-आठ पिवळट खडे खुळखुळत होते. "पोस्टमास्तर, हे तुमचे खडे. घरी न्या आठवण म्हणून."

यांनी अर्धे डोळे उघडून बाटलीकडे पाहिलं. "हे नव्हेत," जड जिभेनं म्हणाले. "माझा खडा कुठाय?"

मी मूठ उघडली. अडीच तासांत ती एकदाही उघडलेली नव्हती. कुरुंदानं तळहात सोलून काढला होता, तीन ठिकाणी रक्त आलं होतं.

"हा घ्या," मी म्हटलं.